गुडघ्याच्या गोळ्या

बुधवारी दुपारनंतर आमच्या दुकानात येणाऱ्या चिठ्ठ्या बुटक्या असायच्या. वरचा चार बोटांचा भाग गायब. काही जण सरळ टरकावून आणत, काही जण नीट घडी घालून, घडीवर ओलं बोट फिरवून, हलक्या हाताने सोडवून आणत. पण आणत ते फाडूनच. हे कुणी कुणाला शिकवलं देव जाणे.

फाडलेल्या भागावर असायचं डॉक्टरांचं नाव, त्याखाली ठळक अक्षरांत ‘मनोविकारतज्ज्ञ’, मग पेशंटचं नाव आणि तारीख. खाली उरायची ती नुसती औषधं. आता औषधांची नावं वाचली की कुठल्या डॉक्टरांकडून आलं आहे हे मला झोपेतही कळलं असतं. म्हणजे माझ्यापासून जे लपवायचं ते माझ्यासमोर उघडं, आणि मला कायद्याने जे बघायलाच हवं तेवढंच फाडलेलं. माझं डोकं फिरायचं.

आमचं मेडिकल शहापूरला एसटी स्टँडसमोर. दुकान सासऱ्यांनी काढलेलं, पण फार्मसीचा डिप्लोमा घरात फक्त माझ्याकडे, त्यामुळे लायसन्सवर मी आणि काउंटरलाही मीच. हे सांगते ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं आणि त्यापुढच्या काही वर्षांचं. मी तेव्हा तिशीत होते आणि माझा राग नाकावर असायचा. सासरे म्हणत, “गिऱ्हाईकाशी जरा गोड बोलावं.” मी म्हणे, “गोड बोलायला स्वीट मार्ट आहे ना शेजारी.”

फाटकी चिठ्ठी आली की मी विचारायची, “वरचा भाग कुठाय?” त्यावर उत्तरं ठरलेली. पावसात भिजला. पोरानं फाडला. उंदरानं खाल्ला. आमच्या तालुक्यातले उंदीर फार हुशार, नेमकं ‘मनोविकारतज्ज्ञ’ तेवढंच खायचे. मी औषध द्यायला नकार द्यायची. झोपेची गोळी कुणाच्या नावाची, कधीची, कुणाच्या पोटात जाणार, हे ठाऊक नसताना ती मी कुणाच्याही हातात ठेवायची? तेव्हाही ठेवली नाही आणि आजही ठेवणार नाही. पण माणसं का फाडतात हे कळत नव्हतं असं नाही. आमच्या बाकड्यावर एसटीची वाट बघत बसलेला माणूस तुमच्या गावचा नसला तर तुमच्या सोयऱ्यांच्या गावचा निघतो. चिठ्ठीवरचा एक शब्द त्याच्या नजरेला पडला की संध्याकाळच्या आत तो पार शेणवे गावापर्यंत पोचलेला असतो, आणि मग त्या घरातल्या मुलीला कुणी मागणी घालत नाही.

मनाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी इतक्या पाहिल्या आहेत की त्यांच्यावर माझी मतं आहेत. आमच्याकडची पैसेवाली माणसं शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे जात. त्यांची चिठ्ठी म्हणजे भरलेलं ताट. पहिली गोळी आजाराची. दुसरी, पहिलीने हात थरथरतात ते थांबवायची. तिसरी झोपेची. चौथी, दुसरीने पोट साफ होत नाही त्यासाठी. आणि पाचवी टॉनिकची बाटली, ती नातेवाइकांच्या समाधानासाठी. अक्षर असं की मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेलेली. पण लोक खूश असायचे. एवढं लिहिलंय म्हणजे डॉक्टर मोठाच असणार.

बुधवारची डॉक्टरीणबाई उलट. ती कल्याणहून आठवड्यातून एकदा यायची आणि एका जनरल डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसायची. माझ्याच वयाची, बारीक अंगाची, आवाज मात्र पोलिसाचा. अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं. तिच्या चिठ्ठीत दोन ओळी, फार तर तीन. गोळ्यांच्या पुढे ती छोटा सूर्य किंवा चंद्रकोर काढायची, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती ते कळावं. लोकांना हे पटायचं नाही. माझ्या काउंटरला येऊन कुरकुरायचे, “बाई कायच लिवत नाय. इतक्या लांबून आलो तर एक बाटली तरी नको?” मी सांगायची, “बाटली पाहिजे तर शहरात जा. बरं व्हायचं असेल तर हे घ्या.” सासरे मागून खाकरायचे.

अशाच एका बुधवारी एक बाई आली. साठीच्या आतबाहेरची, उंच, नऊवारी घट्ट कसलेली, चालताना एका पायावर जरा कलणारी. बुटकी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “लवकर दे बाय, मला मुरबाडची गाडी हाय.”

“वरचा भाग कुठाय, मावशी?”

“त्याचा काय करायचाय तुला? औषधा तर खाली हायेत.”

“नाव लागतं. तारीख लागते. अर्धी चिठ्ठी चालत नाही.”

“नाव कशाला? गोळीला काय वाचता येतं, कोनाच्या पोटात चाललेय ते?”

उंदराची गोष्ट न सांगता सरळ भांडणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. मला राग आला आणि आवडलंही. मी म्हटलं, “गोळीला येत नाही, मला येतं. वरचा भाग आणल्याशिवाय मी देणार नाही, आणि या रस्त्यावर दुसरं कुणी देईल असंही वाटत नाही.”

तिने बाकड्याकडे पाहिलं. दोन माणसं बसली होती. माणसं गाडीत चढून गेली, तशी तिने पदराची गाठ सोडली. गाठीत चिठ्ठीचा वरचा भाग होता, व्यवस्थित घडी केलेला. तिने तो खालच्या भागाला टेकवून काउंटरवर ठेवला, दोन्ही बोटांनी दाबून धरला आणि म्हणाली, “वाच. मनात वाच.”

नाव तिचं नव्हतं. वय वीस.

“सून,” ती म्हणाली. बस, एवढंच.

बाकीचं हळूहळू कळलं, कारण ती दर महिन्याला यायला लागली. गाव म्हशाच्या, म्हणजे बैलांची जत्रा भरते त्या गावाच्या, बाजूचं, मुरबाडच्याही पलीकडे. मुरबाडला मेडिकलची दुकानं काय कमी नव्हती, पण तिथे तिला कोण ओळखत नाही? म्हणून दोन गाड्या बदलून ती शहापूर गाठायची. नवरा वारलेला. एकच मुलगा, मुरबाडच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा. सून बाळंत झाली आणि दहा-बारा दिवसांत तिचं सगळंच बिघडलं. झोपेना, जेवेना, बाळाला कुणी बदललंय म्हणून रडायची, उठून शेताच्या बांधाने चालत सुटायची. आधी सिद्धगडाखालच्या पाड्यातला एक भगत आणून झाला. मग कारखान्यातल्या कुणीतरी मुलाला या डॉक्टरीणबाईचं सांगितलं, आणि मुलगा, आई आणि ती पोर असे तिघं एकदा येऊन गेले. बाळाला गाईचं दूध सुरू झालं. गोळ्या लागू पडल्या. पोर झोपली, मग जेवली, मग एके दिवशी बाळाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालताना दिसली. हे सांगताना मावशीचा आवाज बदलायचा.

पण घरात एक दुसरं संकट होतं. तिचे थोरले दीर. नवऱ्याच्या माघारी घरचा शब्द त्यांचाच. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “ही पोर बापाकडं पोचव. डोक्यानं गेलेली बाई घरात नको. पोराचा दुसरा लगीन करू.” भगताने उतरलं असं समजून ते तेवढ्यापुरते गप्प बसले होते. डॉक्टरचं त्यांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टर म्हणजे आजार अजून आहे, आणि आजार आहे म्हणजे पोरीने जायचं, असा त्यांचा हिशेब.

म्हणून मावशीने घरात सांगितलं होतं की तिचे गुडघे दुखतात. दर महिन्याची शहापूरची फेरी गुडघ्यांसाठी. गोळ्या गुडघ्यांच्या. त्या पत्र्याच्या डब्यात घालून फडताळावर ठेवायची, सकाळी आणि झोपताना सगळ्यांसमोर डबा काढायची, “आग लागो या गुडघ्यांना” म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन आत जायची, आणि आत सुनेच्या हातावर गोळी ठेवायची. पाकिटावर मी औषधाचं नाव लिहायची ते तिला चालायचं नाही. गोळ्या पाकिटातून काढून, सूर्याच्या आणि चंद्राच्या अशा दोन पुड्या बांधून डब्यात, पाकीट चुलीत.

“हे बरोबर नाही, मावशी. घरात कुणीतरी चुकून खाईल.”

“माझे गुडघे दुखतात ते कोनाला गोड लागलेत? कोन खायाचाय?”

मी हे डॉक्टरीणबाईच्या कानावर घातलं. ती त्या दिवशी आमच्याकडे चहाला थांबली होती. तिने कप खाली ठेवला. “अशी किती घरं असतील ग? मी लिहिते एका नावाने, आणि औषध घरात पोचतं दुसऱ्याच आजाराचं होऊन.” मग तिने नवीन पॅड छापून घेतलं. वर फक्त पेशंटचं नाव आणि तारीख, स्वतःचं नाव आणि डिग्री अगदी तळाला, बारीक अक्षरात. मी म्हटलं, “तळाला छापलंस तर तळ फाडतील.” ती हसली. पुढच्याच बुधवारी खालून फाडलेली पहिली चिठ्ठी आली. ती मी तिला नेऊन दाखवली तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली, आणि मी मोठ्याने हसले. हसण्यासारखंच होतं. पण तिचं तोंड उतरलेलं पाहून मला वाईटही वाटलं. माणसाने आणखी करायचं तरी काय?

मावशी मात्र तिच्या पद्धतीला धरून. चिठ्ठीचे दोन तुकडे करायचे, वरचा एका गाठीत, खालचा दुसऱ्या गाठीत, आणि काउंटरवर दोन्ही बोटांनी दाबून धरायचे. मी रागवायची, “पूर्ण आणा की सरळ.” ती म्हणायची, “पूर्णच हाय. दोन ठिकानी हाय एवढाच.”

त्या वर्षीची म्हशाची जत्रा लागली. आमच्याकडची जत्रा म्हणजे आधी बैल आणि मग देव. मावशीचं घर जवळ, त्यामुळे लांबलांबचे पाहुणे तिच्याकडे उतरलेले, अंगणात बैल बांधलेले, चुलीवर दिवसभर तांदळाच्या भाकऱ्या. थोरले दीर विकायची बैलजोडी बाजारात फिरवून फिरवून थकून आले. गुडघे धरून ओटीवर बसले. बायका सगळ्या चुलीशी. त्यांना आठवलं, वहिनीकडे गुडघ्यांची औषधं आहेत. उठले, फडताळावरचा डबा काढला. मनुष्य धिप्पाड, म्हणून एकीच्या जागी चार. वर चंद्राच्या पुडीतल्याही दोन. आणि पाणी मागितलं. पाणी घेऊन आली ती सून. तिने डबा पाहिला, तिला सगळं समजलं, पण सासूची आण होती. चुलतसासऱ्यासमोर तोंड उघडून काय सांगणार? गोळ्या तर तेव्हा तोंडात टाकून झाल्या होत्या.

दीर झोपले. असे झोपले की संध्याकाळ गेली, सकाळ झाली, बैलाचं गिऱ्हाईक अंगणात येऊन हाका मारून गेलं, तरी उठेनात. उठले तेव्हा मान एका बाजूला वळून खांद्याला टेकलेली, जबडा आवळलेला, जीभ जड, डोळे वर. बोलता येईना. ओटीवर गर्दी झाली. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “शेवटचा पानी कोनी दिलाता?”

मावशी मला हे सांगत होती त्या दिवशी दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी गोष्टीत इथवर आल्यावर तिचा आवाज खाली गेला. “बाय, सगळी मंडली वळून माझ्या सुनेकडं बघाया लागली. पोर चुलीपुढं हुबी, पिठाचा हात तसाच. एक बोलला, हिनंच काय तरी घातला. दुसरा बोलला, हिच्यातला ते त्याच्यात गेला. भगताला आनायला मानूस निघाला पन. मला वाटला, आता संपला. आज हिला बापाकडं नाय, कुठं पोचवतील ते सांगता येत नाय.”

“मग?”

“मग काय? मी ट्रंकेतून कागद काढलं. वरचा काढला, खालचा काढला. आन् मला तुझा बोलना आठावला. अर्धा कागद चालत नाय.”

तिने चुलीवरच्या भांड्यातला भात घेतला. परातीच्या पाठीवर दोन्ही तुकडे जुळवले आणि मधून शितं दाबत दाबत चिठ्ठी चिकटवली. सगळी भावकी ओटीवर ओरडत असताना ही बाई खाली बसून भाताने कागद चिकटवत होती. मला ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि हसू आणि रडू एकदमच आलं. मी दोन्ही केलं.

मग ती कागद घेऊन ओटीवर गेली आणि म्हणाली, भगत नको, जीप आणा. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात दिरांना नेलं. जीपमध्ये जागा नव्हती तरी ती सुनेला आणि नातवाला घेऊन चढली, पोरीला त्या गर्दीत मागे ठेवायची तिची तयारी नव्हती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तिने चिकटवलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“मी बोलली, सायेब, ह्या गोल्या ह्यांनी खाल्ल्या. त्या माझ्या गुडघ्याच्या नायत. माझ्या सुनेच्या हायत. नाव वाचा, वर लिवलाय. मोठ्यानं वाचा.”

डॉक्टरांनी वाचलं. मग चिठ्ठीचं खालचं वाचलं, दिरांची मान पाहिली, आणि म्हणाले, घाबरू नका, हे या गोळीनेच होतं, डोस जास्त झाला की. एक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ. जबडा सुटला. दीर उठून बसले आणि पाणी मागितलं. पाणी पुन्हा सुनेनेच दिलं. ते त्यांनी घेतलं की नाही, हे विचारायची मला घाई झाली होती.

“घेतला. सगला तांब्या पिले.”

“आणि बोलले काय?”

मावशीने पदर सारखा केला. मला वाटलं आता वाईट बातमी. ती म्हणाली, “बैलांचा गिऱ्हाईक गेला हातचा, तोंड दाखवाया जागा नाय, एवढा मोठा मानूस मान वाकडी करून गावभर फिरवला. मग घरी आल्यावर ओटीवर बसले, मला हाक मारली, बोलले, ‘वयनी, ही गोली ती पोर रोज खाते?’ मी बोलली, रोज. सकाल आन् रात. आता सा म्हैने झाले. ते बोलले, ‘मी एक दिस खाल्ली तं माझी अशी गत झाली. ती रोज खाते, आन् पाटे उठून भाकऱ्या थापते?’ मी बोलली, थापते. पोराला न्हाऊ घालते. भातकापनीला शेतात बी व्हती. तवा बोलले, ‘मंग ती माझ्याहून बलकट हाय.’ आन् हुठून गेले बैलांकडं.”

त्यानंतर बापाकडे पोचवायचा विषय त्या घरात निघाला नाही.

मी काउंटरवर हात टेकून उभी राहिले. बाहेर गाडी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. मी म्हटलं, “मावशी, तुमची गाडी.” ती म्हणाली, “जाऊंदे, दुसरी येल.” आणि बाकड्यावर बसली. इतक्या महिन्यांत ती त्या बाकड्यावर पहिल्यांदा बसली.

डॉक्टरीणबाईला ही गोष्ट मीच सांगितली. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, “मी सूर्य काढला, चंद्र काढला, पॅड बदललं. एक गोष्ट केली नाही. चिठ्ठी कधी त्या मुलीच्या हातात दिली नाही. नवऱ्याच्या दिली, सासूच्या दिली.” मी म्हटलं, “सगळेच तसं करतात.” ती म्हणाली, “तेच तर.”

तिथून तिची पद्धत बदलली. चिठ्ठी लिहून झाली की ती पेशंटसमोर धरायची, नातेवाइकाने हात पुढे केला तर बाजूला करायची. प्रत्येक ओळीपुढे मराठीत लिहायची, ‘झोपेसाठी’, ‘भास कमी होण्यासाठी’, ‘हाताची थरथर थांबण्यासाठी’. वाचता येत नसेल तर स्वतः वाचून दाखवायची आणि पेशंटकडून परत वदवून घ्यायची. आणि शेवटी एक ओळ, लाल शाईत, ‘हे औषध दुसऱ्या कुणी घेऊ नये.’ या ओळीचा उगम फक्त आम्हा दोघींना आणि म्हशाच्या बाजूच्या एका घराला ठाऊक होता. रांग लांबली, लोक कुरकुरले, बाई पूर्वी भरभर बघायची म्हणाले. तिने ऐकलं नाही. जुनी गोळी बंद करताना ती नवा कागद घ्यायची नाही, जुन्याच चिठ्ठीवर आडवी रेघ मारून बाजूला लिहायची, ‘आता गरज नाही.’ तेवढ्या तीन शब्दांसाठी माणसं ती चिठ्ठी जपून ठेवायची.

फाडणं एकदम थांबलं असं मी म्हणणार नाही. अजूनही बुधवारी बुटक्या चिठ्ठ्या यायच्या, उंदीर अजूनही वाचत होते. पण कमी झाल्या. आणि माझ्याकडे आता रागवण्याऐवजी सांगायला एक गोष्ट होती. नाव, गाव न सांगता मी ती काउंटरवर बऱ्याच जणांना सांगितली. बैलजोडी आणि वाकडी मान ऐकून माणसं हसायची, आणि हसताहसता कुणीतरी कमरेची पिशवी चाचपायचा. वरचा तुकडा बहुतेकांनी जपून ठेवलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. नाव लिहिलेला कागद कुणाच्याने टाकवत नाही.

वर्ष सव्वा वर्षाने, दुपारी, बाकडं भरलेलं असताना एक तरुण मुलगी दुकानात आली. कडेवर चांगलं बाळसेदार पोर, त्याच्या हातात बिस्किट. तिने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. पूर्ण. कुठेही घडी नाही, फाटलेली कड नाही. वर नाव होतं, तळाला डॉक्टरीणबाईचं नाव होतं, आणि मध्ये तीन ओळींपैकी दोन ओळींवर आडव्या रेघा. ‘आता गरज नाही.’ ‘आता गरज नाही.’ एकच गोळी उरलेली, रात्रीची, तीही अर्धी.

नाव मी अनेकदा वाचलेलं होतं, दोन बोटांखाली दाबलेलं, मनातल्या मनात. चेहरा पहिल्यांदा पाहत होते.

“तू एकटी आलीस?”

“हां. आई बोलल्या, आता तुझी तू जा.” मग बाकड्यावरच्या माणसांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, “ताई, वर नाव बरोबर हाय ना? माझाच हाय.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं, आणि मोठ्याने वाचलं.

बाकड्यावरच्या एका बाईने मान वळवून पाहिलं. मुलीनेही तिच्याकडे पाहिलं आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी गोळ्या पाकिटात घातल्या, वर नाव लिहिलं. मला इतकं बरं वाटत होतं की अक्षर जरा वाकडंच आलं.

ती पाकीट पिशवीत ठेवून निघाली आणि पायरीवरून परत आली.

“आन् ताई, गुडघ्यांना लावायला काय तरी द्या. आईंना पायजे.”

मला हसू फुटलं. “आता कशाला? आता लपवायचं काय राहिलंय?”

ती हसली नाही. “लपवायला नाय. त्यांचे खरंच दुखतात. पयल्यापासून दुखतात. पन ती माझी गोष्ट उघडी पडल्यापासून घरात कोनीच खरा मानत नाय. भावकी हसते. त्या पन मग काय बोलत नाय.”

एका पायावर कलत चालणारी ती उंच बाई मला आठवली. दोन गाड्या बदलून, त्याच पायांनी, दर महिन्याला. आणि माझ्या दुकानात उभी राहून तिने एकदाही स्वतःसाठी एक गोळी मागितली नव्हती.

मी मलमाची ट्यूब काढली, ती मुलीच्या हातात दिली आणि म्हटलं, “हे आजच्यापुरतं. त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी दवाखान्यात दाखवा आणि त्यांच्या नावाची चिठ्ठी घेऊन या. पूर्ण.”

“मी घेऊन येते त्यांना,” ती म्हणाली, आणि पोराला घेऊन मुरबाडच्या गाडीकडे गेली.